साडूभाऊंचं सामान

माझे साडूभाऊ शिंकले की मला आजही गोड वाटतं. बायको म्हणते, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? वाटते ना. पण आधी गोड वाटतं, लाज मागाहून येते, आणि तेवढ्या वेळात माझा एक कप चहा पिऊन होतो.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे खापरचे, आठवडे बाजारात बापाच्या दुकानावर कांदे निवडत मोठे झालेले. नोकरीला पुण्यात गेले आणि तिथले इतके झाले की खापर हे आपलं गाव नसून एक जुना आजार होता, अशा आवाजात त्याचं नाव घेऊ लागले. अहिराणी त्यांना 'समजते, पण बोलता येत नाही'. आईशीसुद्धा शुद्ध मराठीत बोलत. ती बिचारी त्यांना उत्तरं देताना पदर सावरून बसे, शाळा तपासायला साहेब आल्यासारखी.

मी नंदुरबारचा. ठिबक सिंचनाच्या नळ्या विकणाऱ्या कंपनीत काम करतो. कंपनीने एक दिवस मला पुण्याच्या ऑफिसात टाकलं. पगार वाढला म्हणून आम्ही पेढे वाटले. ते पेढे हा त्या बदलीतला शेवटचा स्वस्त खर्च.

पुण्यात आपलं हक्काचं माणूस आहे म्हणून मी साडूभाऊंना फोन केला. ते म्हणाले, "काही आणू नका. इथे सगळं मिळतं. तिकडचं लटांबर विकून टाका." मी आज्ञाधारक. सागवानी पलंग विकला, पत्र्याच्या दोन्ही कोठ्या विकल्या, कूलर विकला. ज्याला विकला तो शेजारी कूलर उचलताना चार वेळा म्हणाला, "अजून विचार करा." राहिलेलं सामान आणि वर्षाचं धान्य ट्रकमध्ये भरून आम्ही निघालो, आणि पुण्याच्या वेशीवर पोलिसाने हात केला. दिवसा मोठ्या गाड्यांना शहरात बंदी. गाडी रस्त्याच्या कडेला उभी, ड्रायव्हर गाडी खोटी झाल्याचे पैसे मोजतोय, आणि माझी बायको गव्हाच्या पोत्यावर बसून केळी सोलतेय. मी साडूभाऊंना फोन लावला.

"हो, बंदी असते ना," ते शांतपणे म्हणाले.

"मग सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलंच नाहीत."

हे वाक्य मी पुढे पुण्यात इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही मला ते त्यांच्याच आवाजात ऐकू येई. सोसायटीत सामान चढवायचा वेगळा आकार असतो, तुम्ही विचारलंच नाहीत. दलालाला एका महिन्याचं भाडं द्यावं लागतं, विचारलंच नाहीत. चोवीस तास पाणी म्हणजे टँकरचं पाणी आणि ते उन्हाळ्यात मेंटेनन्समध्ये धरतात, गाडी लावायची जागा भाड्यात येत नाही, रंगाचे पैसे घर सोडताना कापतात. हे सगळं त्यांना पाठ होतं. इतकं पाठ, की मी खर्चात पडलो की ते त्या खर्चाचं नाव माझ्याआधी उच्चारत. खड्डा कुठे आहे हे माहीत असलेला माणूस खड्ड्याच्या पलीकडे खुर्ची टाकून बसतो ना, तसे ते बसले होते.

बायकोला आणखी वेगळा त्रास. आमच्याकडे गहू, ज्वारी, तूर, मिरची, सगळं हंगामात एकदाच घ्यायचं आणि वर्षभर विसरायचं. आम्ही आणलेली पोती फ्लॅटमध्ये कुठेच मावेनात. एक नव्या पलंगाखाली गेलं, एक बाल्कनीत उभं राहिलं, पाहुणा आल्यासारखं. ते संपल्यावर ती दुकानातून गव्हाची एक किलोची पिशवी घेऊन आली, ओट्यावर ठेवली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिली.

"हे काय, कोंबड्यांना टाकायचं का?" ती म्हणाली.

पगार वाढला होता तो कुठे गेला हे आम्ही दर महिन्याच्या शेवटी एकमेकांना विचारत असू. नंदुरबारला संध्याकाळी कोणाच्याही ओट्यावर जाऊन बसलं की करमणूक होते आणि चहाही मिळतो. पुण्यात कोणाकडे जायचं तर आधी फोन, मग रिक्षा, मग हातात काहीतरी न्यायचं. साडूभाऊंकडे आम्ही पहिल्यांदा न कळवता गेलो, तर त्यांनी दार अर्धंच उघडलं आणि म्हणाले, "येण्याआधी फोन करत जा हं." मागे आक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, उभी होती. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं, चेहरा आनंदाने फुललेला. नवऱ्याचं वाक्य पूर्ण झाल्यावर तो चेहरा हळूहळू मिटला. मी ते पाहिलं. तेव्हा मला वाटलं, अपमान फक्त माझा झाला.

एवढ्यावर मी सूडबिड धरला नसता. खर्च सगळ्यांनाच होतात. पण मग माझ्या मेहुण्याचं लग्न आलं.

लग्न म्हसावदला, सासऱ्यांच्या दारात. हळदीच्या दुपारी जेवणं उरकली, बाया-माणसं मांडवात लोळली होती, आणि कोणीतरी साडूभाऊंना म्हणालं, "पुण्याच्या काही गमती सांगा." साडूभाऊ उठले. त्यांनी पँट पोटावर ओढली, मान पुढे काढली, तोंड किंचित उघडं ठेवलं, आणि मांडवाच्या खांबापाशी जाऊन खांबालाच विचारलं, "हाई लिफ्ट वर जाई ऱ्हायनी का भो?"

तो मी होतो. हुबेहूब मी. माझी पँट, माझी मान, आणि पुण्यातल्या पहिल्या आठवड्यात लिफ्टमधल्या अनोळखी माणसाला मी घाबरून विचारलेला प्रश्न. पुढे ते मॉलच्या सरकत्या जिन्यावर पाय टाकू की नको करणारा मी झाले, रखवालदाराला रामराम घालणारा मी झाले, दुकानदाराकडे 'पोतंभर' गहू मागणारा मी झाले. आणि त्या सबंध खेळात, ज्या माणसाला अहिराणी 'बोलता येत नाही', तो इतकी झकास अहिराणी बोलला की बोलता सोय नाही. आमची भाषा त्यांनी जपून ठेवली होती, फक्त दुसऱ्याला हसायला.

मांडव कोसळला. सासरे हसले, नवरदेव हसला, स्वयंपाकी झारा घेऊन बाहेर आला आणि हसला. मी बायकोकडे पाहिलं. ती तोंडात पदर कोंबून थरथरत होती. मला क्षणभर वाटलं रडतेय. जवळ जाऊन बघतो तर हसून डोळ्यांत पाणी आलेलं.

मीही हसलो. न हसून काय करतो? पण हसता हसता मी मनाशी ठरवलं. या माणसाला काही करायचं नाही, मारायचं नाही, भांडायचं नाही. याने फक्त एकदा मला विचारलं पाहिजे. याच अंगणात, याच माणसांसमोर, आणि अहिराणीत. "साडूभाऊ, आता मी काय करू?" बस. एवढंच. मग मी पाय लांब करून, सुपारी कातरून, सावकाश उत्तर देईन. त्या उत्तराचा मसुदा मी त्या रात्रीपासून मनात घोळवायला घेतला. त्यात पुढे कितीतरी भर पडली.

काही वर्षांनी मी हट्टाने बदली मागून नंदुरबारला परत आलो. साडूभाऊ सगळ्या नातेवाइकांना म्हणाले, "मी म्हणालोच होतो, त्यांना नाही झेपायचं." मी तेही मसुद्यात घातलं.

आणि मग, देव आहे असं मी ज्या कारणांसाठी मानतो त्यातलं हे मुख्य, साडूभाऊ निवृत्त झाले.

निवृत्त झाल्यावर त्यांना शोध लागला की पुणे फार महाग आहे. सोसायटी मेंटेनन्स वाढवतेय, लिफ्ट नवी बसवायची आहे, त्याची वर्गणी आहे. त्यांनी फ्लॅट भाड्याने दिला आणि नंदुरबारला आमच्या कॉलनीपासून दोन गल्ल्या पलीकडे एक घर घेतलं. आता पुढचं सगळं आयुष्य तिथे. फोनवर मला म्हणाले, "पुण्यात तर श्वास घ्यायचेही पैसे पडतात हो. तिकडे हवा तरी फुकट." मी म्हणालो, "अगदी."

मला वाटलं, आता विचारणार. घर लावायचं म्हणजे माणसाला हजार प्रश्न पडतात. पण साडूभाऊ विचारत नसत, फर्मावत. "प्लंबर पाठवा." "रंगवाला पाठवा." "आणि एक ट्रक बघून ठेवा. इथले पॅकर्सवाले लुटतात. त्यांचा आकडा ऐकून मला घाम फुटला. तिकडून कुठली तरी गाडी येतच असेल पुण्याला, परतीत रिकामी जाते, ती पकडा. स्वस्तात."

मी फोन खाली ठेवला आणि खुर्चीतच बसून राहिलो. बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही. माझा आवाज आनंदाने घोगरा झाला होता.

कारण मार्च महिना होता, आणि मार्च महिन्यात नंदुरबारहून पुण्याला कोणती गाडी जाते?

मिरचीची! अहो, हंगामात आमच्या गावाबाहेरच्या पथारींवर, मिरची वाळवायच्या मैदानांवर, जिकडे बघाल तिकडे लाल. ओली मिरची मैदानात पसरायची, वाळवायची, पोत्यांत दाबून भरायची आणि ट्रक देशोदेशी रवाना करायचे. वाऱ्याची दिशा बदलली की अख्खं गाव एका सुरात खोकतं आणि पुन्हा कामाला लागतं. मिरचीच्या गाडीच्या फळ्यांच्या फटीफटीत ती बारीक लाल भुकटी बसते आणि ती झाडूला जुमानत नाही. म्हणून मिरचीच्या गाडीत लोखंड भरा, फरशी भरा, खताची पोती भरा. अंथरूण-पांघरूण कधीच भरायचं नाही, आणि भरायचंच तर खालून-वरून ताडपत्री घालायची. आमच्याकडे लग्नाचा संसार न्यायला गाडी ठरवताना पहिला प्रश्न हाच असतो, गाडीत आधी काय होतं? खापरच्या बाजारात वाढलेल्या माणसाला हे मी शिकवायचं?

मी मनात नियम केला. त्यांनी एवढं एक विचारलं, गाडीत आधी काय होतं, तर मी खरं सांगेन. शपथेवर. ताडपत्रीही माझ्या पैशाने घालीन. मी विचारण्याची वाट बघायला तयार होतो. पुण्यात मी त्यांच्याकडून तेच तर शिकलो होतो.

ट्रकवाला ओळखीचा. त्याने 'घरचं सामान' हे शब्द ऐकले आणि लगेच म्हणाला, "मग ताडपत्री अंथरावी लागेल. तिचं भाडं वेगळं पडेल."

"ते पार्टीशी बोल," मी म्हणालो आणि त्याला साडूभाऊंचा नंबर दिला.

त्याने माझ्यासमोर फोन लावला. मी शेजारी उभा राहून दोन्ही बाजू ऐकल्या.

"साहेब, सामानाखाली ताडपत्री घालू का? थोडे जास्त पडतील."

"कशाला ताडपत्री? पाऊस आहे का मार्चमध्ये?"

"पावसासाठी नाही साहेब, गाडी जरा..."

"हे बघ, मी पुण्यात हयात घालवलीय. मला शेंडी लावू नकोस. ताडपत्री नको, काही नको. ठरलंय तेवढंच देईन."

ट्रकवाल्याने फोन बंद करून माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. आकाश फार सुंदर दिसत होतं.

सामान आलं त्या सकाळी मी स्वच्छ पांढरा सदरा घालून हजर झालो. नाटकाला पुढची खुर्ची मिळालेल्या माणसाने नीटनेटकं जायला हवं. ट्रकचं फाळकं उघडलं. आत साडूभाऊंचा पुण्यातला सगळा थाट रचलेला होता. सायीच्या रंगाचा सोफा, ज्यावर आम्हाला कधी पाय वर घेऊन बसू दिलं नव्हतं. फोमच्या जाड गाद्या. उशा, रजया, पडदे, गालिचा. वरून सगळं ठीक दिसत होतं. पहिल्या हमालाने पहिली गादी ओढली आणि तो शिंकला. दुसऱ्याने दुसरं टोक धरलं, तोही शिंकला. मग दोघांनी मुंडाशी सोडून तोंडाला बांधली, एकमेकांकडे बघून हसले आणि गादी घरात नेऊन टाकली.

"धुळीचं गाव," साडूभाऊ म्हणाले आणि शिंकले. त्यांची ती पहिली.

आक्का दारात उभी होती. गादी तिच्यासमोरून गेली तसं तिने नाक वर केलं, एकदाच आत श्वास ओढला, आणि ती जागच्या जागी थांबली. म्हसावदची पोर ती. लहानपणी आईबरोबर तिखट कुटायला बसलेली. तिला कळायला दुसरा श्वास लागला नाही. तिने गादीकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझा पांढरा सदरा तिने वरपासून खालपर्यंत न्याहाळला. संपलं, आता ही बोलणार.

ती माझ्याजवळ आली. "भाऊ," ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही त्यांना सांगितलंत, तर बघा."

आणि मोठ्याने नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी जरा आप्पांकडे जाऊन राहते. आखाजीचा सण जवळ आलाय. इतक्या वर्षांत आखाजीला माहेरी गेले नाही मी." तिने एक पिशवी भरली. पिशवीत तिने ट्रकमधलं काहीही घेतलं नाही, सगळं अंगाबरोबर आणलेल्या बॅगेतलं घेतलं, हे फक्त माझ्या लक्षात आलं. दुपारच्या बसने ती म्हसावदला गेली.

पुढचे आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. साडूभाऊ दुपारी गादीवर पडले की त्यांच्या पाठीची आग होई. उशीवर गाल टेकवला की डोळे सुजत. सोफ्यावर बसून पेपर उघडला की सात-आठ शिंका, पेपर फाटेपर्यंत. त्यांनी ठरवून टाकलं की इथली हवाच खराब आहे. डॉक्टरांकडे गेले, थेंब आणले, वाफारे घेतले. भेटेल त्याला सांगत, "पुण्यात मला कधी सर्दी नव्हती." मी म्हणे, "हवा हो, हवा. फुकटची हवा."

मग ऊन वाढलं आणि त्यांनी कूलर आणला. मोठा, खिडकीत बसवायचा, विमानासारखा आवाज करणारा. मी बसवायला मदतीला गेलो होतो. कूलर त्यांनी पुऱ्या वेगाने सोडला. पडदे फुगले. गालिचा, सोफा, गाद्या, सगळ्यांनी आपापल्या पोटातलं एकदम बाहेर दिलं. मी दारातच उभा होतो, म्हणून वाचलो. साडूभाऊ कूलरसमोर हात पसरून, गार वाऱ्याला छाती देऊन उभे होते. त्यांचा चेहरा आधी प्रसन्न होता, मग विचारात पडला, मग त्याचं जे झालं त्याला मराठीत शब्द नाही. ते अंगणात धावले आणि नळाखाली डोकं धरून बसले. शेजारच्या म्हाताऱ्या काकू भिंतीवरून ओरडल्या, "कोन शे रे तठे? मिरच्या कुटी ऱ्हायनात का घरमा?"

उत्तर भिंतीवरून हातात आलं होतं! पण त्यांनी काकूंकडे रागाने पाहिलं आणि मला म्हणाले, "काय अडाणी लोक आहेत."

अजूनही विचारलं नाही. स्वतःच्या अकलेने त्यांनी गाद्या धुवायला काढल्या. पाइप लावून भिजवल्या. कोरड्या तिखटात पाणी घातलं की काय होतं, ते कोणत्याही बाईला विचारा. फोमच्या पोटात चटणी तयार झाली. त्या गाद्या गच्चीवर वाळायला आठवडा लागला, आणि तो आठवडा आमच्या भागात कावळा आला नाही. मी रोज संध्याकाळी चक्कर मारून बघून येई. रस्त्याने जाताना माझी चाल जरा नाचरी झाली आहे, असं बायको म्हणाली. तिला मी अजून काही सांगितलं नव्हतं. तिला हसू आवरत नाही, हा मांडवातला अनुभव होता.

मग आखाजी आली, आमच्याकडची अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी यायचा सण.

म्हसावदच्या त्या अंगणात पुन्हा सगळे जमले. लेकी माहेरी आलेल्या, झाडाला झोके, परातीत आमरस, मातीच्या खापरावर भाजलेल्या पुरणपोळ्यांची चळत. आक्काला मी ओळखलंच नाही. महिनाभरात ती दहा वर्षांनी लहान झाली होती. झोक्यावर उभी राहून बहिणींबरोबर गाणी म्हणत होती, आणि तिचा आवाज केवढा मोठा होता! पुण्यातल्या त्या अर्ध्या दारामागे हा आवाज कुठे ठेवला होता तिने?

साडूभाऊ आले. डोळे लाल, नाक सुजलेलं, गळ्यात रुमाल. पंगतीत माझ्या शेजारी बसले. कोणीतरी विचारलं, "काय हो पाव्हणा, बरं नाही का?" झालं. साडूभाऊंनी नंदुरबारच्या हवेवर भाषण सुरू केलं. इथली धूळ, इथलं पाणी, इथली माणसं, "कशी राहता हो तुम्ही?" आणि बोलता बोलता ते माझी मान काढायला लागले, पुन्हा! तोंड किंचित उघडं, मान पुढे, आणि तेवढ्यात शिंक आली. एक, मग दुसरी, मग इतक्या की वाटीतला रस पानात सांडला. त्यांनी गळ्यातला रुमाल झटकला. पलीकडच्या पानावरचे आमचे सासरे, आप्पा, शिंकले. त्यांच्या पलीकडचे काका शिंकले.

आप्पा ऐंशीला टेकलेले. डोळ्यांनी कमी दिसतं, पण नाक शाबूत. ते म्हणाले, "आन बरं तो रुमाल." त्यांनी रुमाल नाकाशी नेला, झटकन लांब धरला आणि हसायला लागले.

"हाई ते मिरची शे! जावईबापू, तुम्हना अंगले मिरचीना वास येई ऱ्हायना. कोनती गाडीमा सामान आनं?"

कोणीतरी म्हणालं, "मिरचीनी गाडीमा गाद्या?" आणि दुसऱ्याने विचारलं, "ताडपत्री?" आणि साडूभाऊंच्या तोंडून नकळत निघालं, "नको म्हणालो होतो मी." एवढं पुरलं. लग्नाच्या मांडवात झालं नव्हतं एवढं हसू त्या अंगणात झालं. झोके थांबले. बाया एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. माझी बायको पदर कोंबायलाही विसरली.

मी हसलो नाही. मी ताठ बसलो. कारण साडूभाऊंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं होतं. ओठ हलत होते. इतक्या वर्षांचा शुद्धपणा त्यांच्या चेहऱ्यावरून तिखटासारखा झडत होता.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "मंग आते काय करू मी? माले काही समजी नही ऱ्हायनं."

अहाहा! शब्दन् शब्द. याच अंगणात, याच माणसांसमोर, अहिराणीत. मी पाय लांब केले. सुपारी नव्हती, ती मनातल्या मनात कातरली. घसा साफ केला. मसुद्याचं पहिलं वाक्य ओठांवर आलं.

"त्यास्ले काय इचारतस?"

आवाज झोक्यावरून आला. आक्का खाली उतरली, पदर खोचला आणि पंगतीच्या मधोमध चालत आली.

"माले इचारा ना. इतला वरीस व्हयनात, माले एकदा तरी काही इचारं का? घर घेतलं, माले इचारं? पुणं सोडलं, माले इचारं? गाडी ठरवली, ताडपत्री नको म्हटलं, मी तिथंच उभी होते, माले इचारं? पहिल्या दिवशी गादी दारातून आली तवाच माले समजनं. एका शब्दात सांगितलं असतं."

"मग सांगितलं का नाहीस?" साडूभाऊ म्हणाले, पुन्हा शुद्ध मराठीत, घाबरून.

"इचारं नही ना तुम्ही," आक्का म्हणाली.

माझं वाक्य! माझ्या मसुद्याचं पहिलं वाक्य! मी तोंड उघडं ठेवून बसलो होतो, मान पुढे आलेली, साडूभाऊ माझी नक्कल करतात अगदी तसा. कोणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. इतकी वर्षं पोसलेला सूड माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या पानात वाढला गेला. आणि वाईट याचं की तिचा हक्क माझ्याहून मोठा होता, हे मलाही दिसत होतं. मी रसाची वाटी तोंडाला लावली, म्हणजे काहीतरी तरी तोंडात जाईल.

आक्काने तिथल्या तिथे निकाल दिला. फोमच्या गाद्या गेल्या. पिंजाऱ्याकडून कापसाच्या भरून घ्यायच्या. सोफ्याचं कापड फाडून नवं लावायचं, आणि गडद रंगाचं, पाय वर घेऊन बसता येईल असं. घर तिने सांगितल्याप्रमाणे लागेपर्यंत ती म्हसावदहून हलणार नाही. साडूभाऊ प्रत्येक वाक्याला "बरं" म्हणत होते. मग ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"आनि भाऊ, गाडी तुम्हीच ठरवी व्हती ना? मंग गाद्या तुम्ही दोन्ही जन मिळी बाहेर काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदुरबारला मी आणि साडूभाऊ तोंडाला पंचे बांधून ती जाड, चटणी खाल्लेली गादी जिन्यावरून उतरवत होतो. पुढचं टोक माझ्याकडे, मागचं त्यांच्याकडे. मधल्या वळणावर ते थांबले.

"तुमले माहीत व्हतं ना?" त्यांनी विचारलं.

मी विचार केला. नाही म्हणता आलं असतं. पण एवढी चांगली गोष्ट मनात ठेवून मी मेलो असतो.

"व्हतं," मी म्हणालो. "पहिल्यापासून. गाडी मीच निवडली. कूलर बसवायला मुद्दाम आलो होतो."

साडूभाऊंनी पंचा नीट घट्ट केला. मग आपलं टोक कठड्यावर टेकवलं, दोन्ही हात वर नेले आणि गादीच्या पाठीवर असा सणसणीत रट्टा हाणला की जिन्यात लाल ढग उठला आणि सगळाच्या सगळा माझ्या अंगावर आला. बोलायला खाली ओढलेला माझा पंचा तेव्हा हनुवटीवर होता. मी आंधळा होऊन खालच्या पायरीवर बसलो. वरून रट्ट्यांवर रट्टे ऐकू येत होते, आणि त्यांच्या मधून साडूभाऊंचं हसणं, शिंकांनी तुटलेलं, अगदी अहिराणी हसणं.